दहापर्यंत

“एकशे चौदा झालाय, मॅडम,” सुपरवायझर राहुल सायराच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. “गेल्या बुधवारीच तुम्ही टिक केलंय. हेल्दी. परत कशाला लावताय?”

“कारण त्या मुलाच्या आईने फोन ठेवला नव्हता,” सायरा म्हणाली. “मी ठेवला.”

आखातातल्या देरा भागातल्या त्या ऑफिसात साडेचार वाजले होते. केनियाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांत तापावरचं एक नवं औषध तपासलं जात होतं. ते घेतलेल्या एकशे नव्वद मुलांच्या आयांना महिन्याने फोन करायचा आणि मूल कसं आहे ते विचारायचं, एवढंच सायराचं काम. घराणं रत्नागिरीकडचं, पण जन्म मोम्बासाचा. तिथल्या शाळेत तिने तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला होता, त्यामुळे स्वाहिली तिला मराठीइतकीच जवळची. एका फोनला तीन मिनिटं मिळायची. ती संपली की स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा लाल व्हायचा. यादी कालच पूर्ण झाली होती आणि पाच वाजता सायराच्या सहीने रिपोर्ट जायचा होता.

पलीकडे फोन उचलला गेला. राहुलने शेजारच्या टेबलावरचा हेडफोन ओढून कानाला लावला.

“मेजुमा, बकारी कसा आहे?” सायराने स्वाहिलीत विचारलं.

“न्झुरी.”

म्हणजे छान. एवढा एक शब्द ऐकून ऐकून राहुललाही पाठ झाला होता. “झालं की! यल्ला, कट करा,” तो कुजबुजला.

सायराने बोट वर करून त्याला गप्प केलं. वर्गात करायची, अगदी तसंच. मग तिने मेजुमाला विचारलं, घरी कसं आहे? न्झुरी. सासूबाई कशा आहेत? न्झुरी. शेळ्या? त्याही न्झुरी. कोपऱ्यातला आकडा लाल झाला. आता सायरा काहीच बोलेना. डोळे मिटून ती मनातल्या मनात मोजू लागली. मुलाला प्रश्न विचारला की दहापर्यंत मोजायचं, ही तिची जुनी सवय. लाजरं मूल बहुतेक सातव्या-आठव्या आकड्याला तोंड उघडतं.

आठाला पलीकडून आवाज आला. “लाकिनी...”

राहुलला स्वाहिली येत नव्हती. पण हा शब्द त्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही. लेकिन.

बकारीचे डोळे दोन आठवड्यांपासून पिवळे होते. पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. शेळ्यांचं सांगावं तशाच आवाजात मेजुमा हे सांगत होती. सायराने सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, “आज, आत्ता, त्याला दवाखान्यात ने. नर्सला मी तुझ्या दारात पाठवते.”

राहुल माणूस वाईट नव्हता. त्याने तिथेच उभ्या उभ्या केनियात फोन लावला, नर्स निघाल्याची खात्री केली आणि मगच घड्याळाकडे पाहिलं.

“ओके. एकशे चौदा बदला. बाकीचे एकशे एकोणनव्वद आहेत तसे जाऊ देत. सही करा, खलास.”

“बाकीच्यांचं मी ऐकलंय काय? न्झुरी ऐकलंय.” सायराने खुर्ची त्याच्याकडे वळवली. “अरे, तिकडे आधी सगळं छानच असतं. घरात मयत असली तरी पहिल्या प्रश्नाला छानच म्हणतात. पुरतं विचारलंस, तर मग दुःख बाहेर काढतात. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी तो लाल आकडा बघून मी फोन ठेवत गेले. मी सही करणार नाही. सगळ्यांना परत विचारणार.”

“चार दिवस जातील त्यात! क्लायंट मला जिवंत सोडेल का? आणि आंटी, तुमचा व्हिसा कंपनीचा आहे. वरून काही आलं तर माझ्या हातात काही नाही.”

मॅडमची आंटी झाली, म्हणजे राहुल घाबरला, हे सायराला ठाऊक होतं.

“व्हिसा रद्द करायला किती दिवस लागतात रे?”

“लागतात पाच-सहा.”

“मग माझी यादी आधी होईल.”

“मी मस्करी करत नाहीये.”

“मीसुद्धा नाही. बरं, तुझी आई गावाला एकटीच असते ना? फोनवर काय म्हणते?”

“काय म्हणणार? बरी आहे म्हणते.”

“मग तू काय म्हणतोस?”

राहुल हातातल्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. “म्हणतो... चल, ठेवतो.”

टेबलावरची एक पिवळी चिठ्ठी उचलून सायराने स्क्रीनच्या कोपऱ्यावर चिकटवली. लाल आकडा झाकला गेला. मग यादीतला पहिला नंबर लावला.

बाळ कसं आहे? न्झुरी. घर? न्झुरी. बाळाचे वडील, विहीर, कोंबड्या? न्झुरी, न्झुरी, न्झुरी. मग पलीकडे शांतता.

सायराचे ओठ हलू लागले. एक. दोन. तीन. राहुलच्या खिशातला फोन वाजायला लागला. पाच वाजले होते. त्याने क्लायंटचं नाव पाहिलं आणि फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला.

चार. पाच. सहा.

आता त्याचेही ओठ हलत होते.