एर्वेचा होकार

"करार मोडायला वेगळा अर्ज नको," नगरपालिकेतल्या लगाल बाई म्हणाल्या. "लग्न लागलं की तो आपोआप संपतो."

मारीव्होननं मान हलवली. एर्वेबरोबर सहजीवनाचा करार नोंदवला तेव्हा दोघांचेही केस पिकले नव्हते. घरभाडं, कर, आजारपण, सगळं त्या करारावर निभावलं. एवढंच, की मागे राहणाऱ्याला जोडीदाराचं पेन्शन करारानं मिळत नाही. ते लग्नानंच मिळतं.

"घरी येऊन लावतील ना लग्न? अर्धांगवायू झाल्यापासून त्याला जिना उतरवत नाही."

"येतील की. पण आधी दहा दिवस इथं दारावर लग्नाची नोटीस लावावी लागते."

"दहा दिवस कुठून आणू, बाई?" तिनं डॉक्टरांचा दाखला पुढे सरकवला.

लगाल बाईंनी तो वाचला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "सरकारी वकिलांना आजच कळवते. ते नोटीस माफ करू शकतात. पण एर्वेंनी स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणायला हवं. त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणाला म्हणता येत नाही."

तिथंच तर घोडं अडलं होतं. एर्वेला लग्न या शब्दाचंच वावडं. जन्मभर दुआर्ननेच्या बंदरात होड्या रंगवल्या, पण पाद्री म्हणू नका, नगराध्यक्ष म्हणू नका, कुणापुढे मान तुकवली नाही. मारीव्होन घरी आली तेव्हा स्वारी उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होती. ती सार्डिनचे काटे काढून त्याला भरवू लागली.

"नगरपालिकेत गेली होतीस म्हणे. शेजारणीनं चहाडी केली."

"गेले होते."

"मला आताच पोचवलंस का?" तो अर्ध्या तोंडानं हसला. "अगं, रंगाऱ्याचं पेन्शन ते केवढं! त्यात आपली मांजरसुद्धा जगायची नाही. तू कारखान्यात आयुष्यभर मासे डब्यात भरलेस, तुझं पेन्शन माझ्या तिप्पट. आणि डोळा माझ्या चिल्लरीवर?"

"चिल्लर तर चिल्लर."

"करार कसा झकास! ज्याला नको झालं त्यानं एक नोटीस धाडायची, दुसऱ्याला विचारायचंही काम नाही. तरी इतक्या वर्षांत मी धाडली नाही. याहून मोठं लग्न काय असतं?"

मारीव्होनला त्याचं म्हणणं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच तिला त्याचा भयंकर राग आला. या माणसानं ऐकलं नाही तर करायचं काय, हे तिला खरंच कळेना.

"एर्वे, एकदा तरी माझं ऐक. का म्हणून विचारू नकोस. मागे राहील त्याचं कसं होणार, या विचारानं मला झोप लागत नाही रे."

त्यानं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. "माझं करता करता तुझी काय दशा झालीये बघ. नुसती हाडं राहिलीत." मग तोंड फिरवून म्हणाला, "बरं. तुझ्यासाठी म्हणतो हो. पण टाय बांधणार नाही, सांगून ठेवतो."

शुक्रवारी उपनगराध्यक्ष केर्लोक तिरंगी पट्टा लावून जिना चढून आले. शेजारीण आणि तिचा नवरा साक्षीला उभे राहिले. एर्वेनं 'हो' म्हटलं ते खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल इतकं ठणठणीत. शेजारणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. सगळ्यांनी सफरचंदाची सायडर घेतली. मारीव्होननं पेला नुसता ओठांना लावला.

निघताना एर्वेनं केर्लोकांचा हात धरला. "साहेब, मी काही फार दिवसांचा सोबती नाही. माझ्यामागे हिच्याकडे लक्ष ठेवा. हट्टी आहे, कुणाकडे काही मागायची नाही."

"ठेवू," केर्लोक पुटपुटले. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

मारीव्होन त्यांना पोचवायला दारापर्यंत उतरली. कठडा धरून, मध्ये मध्ये थांबत.

"त्यांना कधी सांगणार?" केर्लोकांनी हळूच विचारलं.

"दोन दिवस मिरवू दे त्याला नवरेपण." तिनं श्वास घेतला. "डॉक्टर म्हणतात, तो अजून दहा वर्षं सहज काढेल. मी काही पुढचा महिना बघत नाही."