अकरा सेकंद

दुपारी चार वाजता शिक्षिकाबाईंनी व्हॉइस रेकॉर्डर दुरुस्तीवाल्यापुढे ठेवला. "आवाज थांबला की हा आपोआप थांबायचा. आमचे हे गेल्यापासून मी रोज यात त्यांच्याशी बोलते, तर थांबतच नाही मेला."

त्याने आधीचं रेकॉर्डिंग लावून बाईंचा आवाज ऐकला. "जेवलात का?" मग अकरा सेकंद नुसती शांतता. "गुडघा दुखतो का अजून?" पुन्हा तेवढीच.

"पंख्याचा आवाज घेत असेल." त्याने दुकानातला पंखा बंद केला, दार लोटलं आणि स्वतः बोलून पाहिलं. तो गप्प होताच रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. "ठणठणीत आहे, बाई."

"मग माझ्यावरच रुसलाय होय?" त्या कसनुसं हसल्या आणि त्यांनी रेकॉर्डर तोंडाशी नेला. "अहो, एकटं वाटतं का तिकडे?"

दोघंही श्वास रोखून उभी राहिली. दिवा विझेना.

अकरा सेकंद उलटले, तरी या वेळी बाईंनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. चार वाजून वीस मिनिटांनीही दिवा जळत होता.