नाल्याखालचे शिंपले

"म्याडम, तुमचाच रिपोर्ट तुम्हाला वाचून दाखवू का?" कारखान्याच्या आप्पासाहेबांनी विचारलं, आणि सुनावणीला आलेली अर्धी माणसं फिदीफिदी हसली.

सौदामिनीनं ओठ चावला. नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी ही बाई वर्षभर लोह्याकडच्या नदीतले शिंपले चिरत बसली होती. केमिकलच्या पाण्यानं शिंपले कमजोर होतात, मग जंत त्यांना पोखरतात, एवढं तिला दाखवायचं होतं. दाखवता आलं असतं तर दुप्पट सांडपाणी सोडायची परवानगी अडली असती.

निघालं भलतंच. कारखान्याचा नाला नदीला मिळतो, त्याच्या वरच्या अंगाचे शिंपले जंतांनी बुजबुजलेले. नाल्याखालचे मात्र टपोरे, एकातही जंत नाही. खोटं लिहायची सवय नव्हती. आहे तसं लिहून तिनं सही ठोकली.

"म्हणजे आमचं पाणी औषधच झालं की!"

"जहर आहे ते!" सौदामिनी उसळली. "जंताची पिल्लं पाण्यातून पोहत शिंपल्यात शिरतात. तुमच्या पाण्यात ती वाटेतच मरत असतील."

"मरू द्या की. जंताचं वकीलपत्र घेतलं का तुम्ही?"

पुन्हा हशा. सुनावणी घेणाऱ्या साहेबानं घड्याळ बघितलं आणि परवानगीची शिफारस करून टाकली.

बाहेर पायरीवर केवळाबाई बसली होती. भोयाची बाई, जन्म नदीत गेलेला. दर महिन्याला सौदामिनी लोह्याच्या स्टँडवर उतरायची, दोन पिशव्या द्यायची, मागच्या खेपेच्या भरलेल्या न्यायची. लाल पिशवी नाल्याखालची, पांढरी वरची. स्वतः गाळात उतरायला तिला सवड कुठं होती? लेक्चरं, पेपर, मीटिंगा.

"काय झालं, बाई?"

"हरलो, मावशी. लाल पिशवीनं घात केला."

"कामून? शिंपले खराब निघाले का?"

"चांगले निघाले. एकदम निरोगी. तेच तर झालं ना!"

केवळाबाईचा जीव भांड्यात पडला.

"निघतीलच की. इस्लापूरला लेक दिलीय माझी, तिथून धबधब्याखालचे येचून आणायची मी. दिलेली पिशवी कुणी रिकामी माघारी देतं का, बाई? आपल्या नाल्याखाली तर तीन वर्सं झाली, एक शिंपला जित्ता न्हाई."