अडलेला डाव

"बाबा, खेळाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदला ना. दोन दिवसांत समोरून शब्द आला नाही, तर खेळी आपोआप तुमच्याकडे येईल," लेक फोनवर म्हणाली.

भास्कररावांनी निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकून शब्दांचा हा खेळ बायकोसाठी केला होता. दोघांनी आपापल्या मोबाइलवर आळीपाळीने शब्द लावायचा. वेळेचं बंधन मुद्दामच नव्हतं. "मला पोळ्या लाटताना सुचतं. घाई करणार असाल तर घाला तो खेळ चुलीत," असं तिने बजावलं होतं.

ती गेली त्या दिवशी खेळी तिची होती. तेव्हापासून त्यांच्या पडद्यावर ‘थांबा’ एवढंच दिसत होतं.

त्यांनी ओळ बदलली आणि तपासून पाहायला तिचा बंद पडलेला मोबाइल चार्ज करून खेळ उघडला. तिने शब्द लावून ठेवला होता. ‘पाठवा’ दाबायचं तेवढं राहिलं होतं. त्या शब्दाने ती डाव जिंकत होती.

त्या सकाळी ती हसून म्हणाली होती, "अहो, आधी चहा घ्या निवांत. मग हरवते." कप त्यांच्या हातात देऊन ती वळली आणि तिथेच कोसळली. चहा तसाच राहिला होता.

भास्कररावांनी बदललेली ओळ पुन्हा पहिल्यासारखी केली. स्वतः चहा केला. पाणचट झाला, तरी शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग तिच्या मोबाइलवर ‘पाठवा’ दाबलं.

त्यांचा मोबाइल वाजला. ‘तुम्ही हरलात. नवा डाव मांडायचा?’

हा प्रश्न त्यांनीच कधीतरी हौसेने लिहिला होता.