सुरात दिलेला हुकूम

अर्धांगवायूने वत्सला कारखानीसांची वाचा गेली आणि घरच्या संगणकाने त्यांना पाहुण्यांत जमा केलं. मालकिणीला तो फक्त आवाजावरून ओळखायचा. सगळे अधिकार भाच्याकडे गेले. अंगणातल्या पेरूच्या झाडापर्यंत जायचं तरी संगणक आधी त्याला विचारी.

"काकू, बोलता येत नाही तर गाऊन बघा," त्यांना स्पीच थेरपी द्यायला येणारी झीनत म्हणाली. "गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते."

वत्सलाबाईंनी डोळे मिटले आणि भूपाच्या सुरांवर एकेक शब्द अडखळत ठेवला, "मी... वत्सला. हे घर... माझं."

"आवाज जुळला," संगणक म्हणाला. "अधिकार परत दिले आहेत. काय हुकूम?"

"भाच्याचं नाव... काढ," बाईंनी पुन्हा सूर लावला. "दार... उघड."

दार उघडलं. कुणालाही न विचारता बाई एकट्याच पेरू आणायला निघाल्या.