इंदूरची दुसरी फेरी

"कॅप्टन, मी इंदूरला आलोय हे घरी कळता कामा नये. बायकोला दिल्ली सांगितलीय," विमानातून उतरताना मोहिलेसाहेब म्हणाले. कंपनीच्या या विमानात त्यांच्यासह चौघांची भागीदारी होती; त्यांच्या घरचेही ते मागवू शकत. कॅप्टन हेमांगीने मान डोलावली आणि रिकामं विमान पुण्याला परत आणलं.

तिथे पुढच्या प्रवासी तयारच होत्या. साहेबांच्या पत्नी. त्यांनाही इंदूरलाच जायचं होतं.

"यांना सांगू नकोस हं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. हेमांगी गोंधळली. साहेबांचं तिथे काही भलतंच असलं तर? बोलावं तर नोकरी जायची, गप्प बसावं तर बाई नेमक्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या. काहीच न सुचून तिने उड्डाण केलं.

इंदूरला उतरल्यावर बाईंनी पिशवीतलं दुपटं दाखवलं. "लेकीला मुलगी झालीय. तिने यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून यांच्यासमोर तिचं नावही काढायची सोय नाही."

हेमांगी काही बोलणार, तेवढ्यात परतीसाठी आलेले साहेब समोर दिसले. बायकोला पाहून ते जागीच थबकले.

"पोरीने दारच उघडलं नाही गं," ते कसेबसे म्हणाले.

 बाई त्यांचा हात धरून म्हणाल्या, "चला. मी हाक मारते."

ऑफिसमधून फोन आला, परत कधी निघताय?

"मला नाही माहीत," हेमांगी म्हणाली. "पण विमान थांबेल."