दोनशे तेवीस मैल रिकामे

“टॉर्टियाचा माल नको,” ओपल म्हणाली आणि तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. “लास क्रुसेसला कांदा आहे. संध्याकाळी भरायचा. मी हो म्हणणार आहे.”

चाकावर बसलेल्या वर्लिनने, तिच्या नवऱ्याने, मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लास क्रुसेस तिथून दोनशे तेवीस मैलांवर. ट्रक आल्बुकर्कीच्या गोदामात नुकताच रिकामा झाला होता, आणि टॉर्टियाचं, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचं, गोदाम रस्ता ओलांडला की समोर. ट्रकवाल्याचं पोरसुद्धा सांगेल, कुठला माल घ्यायचा. टॉर्टियावाला उत्तरासाठी दहा मिनिटं थांबतो म्हणाला होता.

रिकामं धावणं म्हणजे पदरचं डिझेल जाळणं. तरी कधीकधी ते परवडतं. पुढचा मालवाला रिकाम्या जाण्याचेही पैसे देणार असेल, किंवा उभं राहून दिवस वाया जाणार असेल, तर खुशाल जावं. एरवी शंभर मैलांच्या वर नाही. हा नियम ओपलचाच. अर्कान्सामधून दोघं पहिल्यांदा स्वतःचा ट्रक घेऊन निघाले, तेव्हा तिने तो वर्लिनला शिकवला होता. माल ती ठरवायची, कारण हिशेबाला ती वाघीण होती. वर्लिनला दर सांगितला की तो मान हलवायचा, ती तोंडी भागाकार करून मोकळी.

चालवायचे मात्र दोघं, आळीपाळीने. एक चाकावर, दुसरा मागे पडद्याआड झोपलेला. माल भरला की थांबायचं नाव नसे. पहाटे कुठल्या तरी पेट्रोल पंपावर जागा बदलायच्या. “पुढे वारा आहे,” एक म्हणे. “बरं,” दुसरा म्हणे. नवरा-बायकोची जोडी म्हणून मालवाले त्यांच्यावर खूश होते. माल वेळेआधी पोचायचा.

मग गेल्या वर्षभरात हे सुरू झालं. सलायनाला हाताशी असलेलं पीठ सोडून ती दोनशे मैल लांब गार्डन सिटीला गोमांस भरायला निघाली. पुढच्या महिन्यात तसंच. त्याच्या पुढच्याही. वर्लिनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शिवाय एवढी मितभाषी बाई रिकाम्या गाडीत सारखी बोलायची. हॉट स्प्रिंग्जच्या जत्रेत वर्लिन डुकरामागे धावताना चिखलात पडला, ही गोष्ट तिने एका वर्षात चारदा सांगितली. प्रत्येक वेळी नव्याने हसली.

ओपलच्या आईचं असंच झालं होतं. चाळीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली बाई एक दिवस सुटे देताना अडखळली. मग त्याच त्या गोष्टी सांगू लागली. तीन वर्षांनी ओपललाच विचारायला लागली, “तू कुणाची गं?”

वर्लिनने मुलीला, ट्वायलाला, गुपचूप फोन करून ठेवला होता. डॉक्टरची वेळ घ्यायची आणि आजपासून माल ठरवायचं काम आपल्याकडे घ्यायचं, असं ठरलं होतं. ते कसं सांगायचं, हे मात्र ठरलं नव्हतं. हे काम तिच्याकडून काढून घेणं म्हणजे तिचा अर्धा जीवच काढून घेणं, हे त्याला कळत होतं.

“ओपल,” त्याने सहज विचारल्यासारखं केलं, “तेरा सत्ते किती गं?”

“एक्क्याण्णव. का?”

“काही नाही. आणि सतरा तेरे?”

“दोनशे एकवीस.” तिने चष्मा कपाळावर चढवला. “शाळेत नाव घालायचंय का तुझं, म्हाताऱ्या?”

“लास क्रुसेसला जाण्यात आपलं नुकसान आहे.”

“आहेच. चौतीस गॅलन डिझेल फुकट. कांद्याचं भाडं जरा बरं आहे, पण सगळं वजा जाता टॉर्टियापेक्षा दोनशे डॉलर कमीच सुटतील. टोपीत मावेल एवढा हिशेब आहे. तुला काय वाटलं, मला येत नाही?”

तिला सगळं येत होतं, म्हणजे गोष्ट आणखीच चमत्कारिक झाली. ओपलने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिचा चेहरा बदलला.

“आईसारखं झालंय असं वाटलं तुला,” ती हळूच म्हणाली.

“घाबरलो मी. वर्षभर घाबरलोय.” तो तिच्याकडे वळला. “तूच सांग, मग हे काय आहे? सलायना काय, गार्डन सिटी काय. नुकसान कळतंय आणि तरी जातेस.”

फोन थरथरला. टॉर्टियावाला. तिने तो उचलला नाही, बंदही केला नाही, नुसती वर्लिनकडे बघत राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“वर्लिन, टॉर्टिया भरला की तू मागे जाऊन झोपशील,” ती म्हणाली. “तू उठशील तेव्हा मी झोपेन. अख्ख्या वर्षात मी तुझ्याशी जे काही बोललेय ना, ते सगळं रिकाम्या गाडीत. तेव्हा घाई नसते, म्हणून तू जागा राहून माझ्या शेजारी बसतोस.”

फोन थरथरून थांबला. वर्लिनने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं.

“कांदा एल पासोत मिळतो का बघ,” तो म्हणाला. “लास क्रुसेसहून पंचेचाळीस मैल आणखी पुढे आहे.”